घराच्या शेवटच्या खोलीपर्यंत

स्मरणिकेसाठी लेख द्यावा असे संपादक मंडळाने कळविले, तेव्हा इतिहासाचा शिक्षक म्हणून आमच्याकडून एखाद्या लेणीवर किंवा चळवळीच्या एखाद्या पर्वावर लेखन अपेक्षित असावे. आम्ही मात्र घरातील वाय-फायवर लिहिण्याचे ठरविले. विषय ऐकून एका सहकाऱ्याने हसून विचारले, "सर, हे काम वायरमनचे, तुम्ही कशाला?" पुढील मजकूर वाचून या प्रश्नाचे उत्तर वाचकांनीच द्यावे.

२०२५ मध्ये अकरावीची प्रवेशप्रक्रिया प्रथमच संपूर्ण राज्यासाठी केंद्रीय व ऑनलाइन झाली. त्या दिवसांत आमचा एक माजी विद्यार्थी सायंकाळी घरी आला. पूर्वी वसतिगृहात राहून शिकलेला हा मुलगा आता संत्र्याच्या मंडीत पेट्या भरण्याचे काम पाहतो. जयभीम झाला, चहा झाला आणि त्याने अडचण सांगितली. मुलीचा अर्ज भरायचा होता, महाविद्यालयांचे पसंतिक्रम द्यायचे होते. घरी वाय-फाय होते, परंतु मुलगी अभ्यास करते त्या मागच्या खोलीत पानच उघडत नव्हते. मोबाइल घेऊन ती रात्री समोरच्या ओट्यावर बसे आणि ओट्यावर गल्लीतील पुरुषमंडळींची बैठक असे. मुलगी सोबत आलेली होती. ती एकच वाक्य बोलली, "पैसे तर पूर्ण घराचे भरतो जी सर, मंग नेट अर्ध्याच घरात काऊन?"

हा प्रश्न आम्हांस लागला, आणि त्याला जुने कारण आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या व मोबाइलवरून शिकविणे सुरू झाले, तेव्हा एका विद्यार्थिनीच्या नावापुढे आम्ही कितीतरी दिवस 'गैरहजर' असे लिहीत होतो. पुढे शाळा उघडल्यावर कळले की तिच्या घरी चुलीजवळ जी जागा तिला बसायला मिळे, तेथे रेंजच येत नसे, आणि समोरच्या खोलीत मोठा भाऊ बसे. ती घरात होती, वही उघडून बसलेली होती, तरी आमच्या हजेरीपटावर नव्हती. तो हजेरीपट आम्ही लिहिला होता. दुसऱ्या कोणाकडे बोट दाखविण्याची सोय नाही. त्यामुळे या वेळी आम्ही पट्टी, वही आणि मोबाइल घेऊन त्या माजी विद्यार्थ्याच्या घरी गेलो.

तेथे जे केले ते सांगण्यापूर्वी एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण बहुतेक घरांतील पैसा या एका गोंधळात वाया जातो. खांबावरून घरापर्यंत येणारी तार, म्हणजे आजकाल फायबर, ही एक गोष्ट. आणि घरातील राउटरपासून खोल्याखोल्यांत हवेतून जाणारा सिग्नल ही दुसरी. तार कितीही वेगवान असली तरी भिंत पातळ होत नाही. आमच्या स्वतःच्या घरी मागच्या खोलीत नेट चालेना, तेव्हा आम्ही पन्नास एमबीपीएसची योजना सोडून शंभरची घेतली. मासिक देयक वाढले. मागच्या खोलीत तसूभरही फरक पडला नाही. परीक्षा अगदी सोपी आहे. प्रथम राउटरजवळ उभे राहून वेग पाहावा. तेथेही तो मंद असेल तर दोष तारेकडचा, त्याची तक्रार करावी. जवळ उत्तम आणि लांब निकृष्ट असेल तर दोष घराच्या रचनेत, आणि त्याचा उपाय घरातच आहे.

आता हवेतून जाते ते काय, हे पाहू. हाइनरिश हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८८७-८८ च्या सुमारास विद्युतचुंबकीय लहरी प्रयोगशाळेत निर्माण करून दाखविल्या. त्यानंतर थोड्याच वर्षांत कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या लहरींवर काम केले, आणि जाहीर प्रयोगात त्या लहरी भिंतीपलीकडे पाठवून दूरची घंटा वाजविली व बंदुकीची दारू पेटविली. लहरी भिंतीतून जातात हे आपल्या देशात सव्वाशे वर्षांपूर्वी लोकांनी प्रत्यक्ष पाहिले होते. त्या जाताना किती क्षीण होतात, हा आपल्या लेखाचा प्रश्न.

घरातील राउटर प्रामुख्याने दोन पट्ट्यांवर बोलतो. एक २.४ गिगाहर्ट्झचा, ज्याच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे आपल्या वितीहून कमी. दुसरा ५ गिगाहर्ट्झचा, लांबी सुमारे सहा सेंटिमीटर. पहिला भिंती ओलांडण्यात सरस, परंतु तेथे गर्दी फार. शेजारच्या घरांचे राउटर, ब्लूटूथ, चालू असलेला मायक्रोवेव्ह हे सारे त्याच पट्ट्यात. दुसरा वेगवान, पण भिंतीपुढे लवकर थकतो. यास्तव राउटरच्याच खोलीत ५ आणि मागील खोल्यांत २.४ ही साधारण वाटणी धरून चालावे. काही राउटरांत दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावे देता येतात. तशी दिली म्हणजे मोबाइल कोणत्या पट्ट्यावर आहे ते घरातील वृद्धांनाही कळते.

या पट्ट्यांचा कायदेशीर इतिहास इतिहासाच्या विद्यार्थ्याला रंजक वाटावा. ब्रिटिश राजवटीने १८८५ चा तार अधिनियम आणि १९३३ चा बिनतारी तार अधिनियम केला. दुसऱ्याने तर बिनतारी यंत्र परवान्याशिवाय नुसते जवळ बाळगण्यासही मनाई केली. स्वतंत्र भारतात हे कायदे दीर्घकाळ टिकले. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त झाला तो २००५ मध्ये, आणि ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ मध्ये. आज आपण दुकानातून राउटर आणतो व कोणालाही न विचारता चालू करतो, त्यामागे हे निर्णय आहेत. लहरींचा हा भाग सार्वजनिक पाणवठ्यासारखा झाला.

पाणवठा म्हटला की आपल्या वाचकांस जे आठवते ते आम्हांसही आठवते. सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये संमत झाला, महाड नगरपालिकेने तो पुढील वर्षी स्वीकारला, आणि तरीही चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यास २० मार्च १९२७ उजाडावा लागला. वाय-फायची तुलना त्या संग्रामाशी करण्याचा अविवेक आम्ही करणार नाही. ठराव आणि ओंजळ यांच्यामध्ये किती अंतर असू शकते, एवढेच त्या उदाहरणातून घ्यावयाचे आहे. आपल्याच जिल्ह्यात, मेळघाटातील धारणी तालुक्याचे हरिसाल हे २०१६ मध्ये शासन व मायक्रोसॉफ्ट यांच्या सहभागाने 'डिजिटल गाव' म्हणून गाजले. भारतनेटची तार ग्रामपंचायतींपर्यंत नेण्याचे काम त्याच्याही आधी सुरू झालेले. गावापर्यंत आले, घरापर्यंत आले. घरात कोणाच्या खोलीपर्यंत आले, हे मात्र कोणत्याही शासकीय अहवालात मोजले जात नाही. ते आपणच मोजावयाचे.

आता त्या घराकडे येऊ. शेंदूरजनाघाटच्या जुन्या वस्तीतील अनेक घरांप्रमाणे हेही दोन काळांत बांधलेले. समोरचा भाग आजोबांच्या काळचा, पांढरीच्या मातीच्या दीड-दोन फूट जाड भिंतींचा, वर टिनपत्रे. वऱ्हाडात शेतीची ती काळी आणि गावठाणाची ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या लोकांनी याच पांढरीच्या मातीने भिंती लिंपल्या. मागे रमाई आवास योजनेतून बांधलेली स्लॅबची पक्की खोली. ओटा, बैठक, माजघर, स्वयंपाकघर आणि शेवटी ही खोली, अशी सरळ रांग. राउटर कोठे? बैठकीत, टीव्हीच्या मागे, आरशाच्या शोकेसमध्ये, लोखंडी कपाटाला खेटून. तार जोडणाऱ्या मुलाने बाहेरून पहिले भोक जेथे पाडले, तेथेच तो डबा राहिला. आम्ही पाहिलेल्या बहुतेक घरांत राउटरची जागा याच रीतीने ठरलेली आहे.

मुलीस आम्ही वहीत घराचा नकाशा काढावयास सांगितला. वाय-फायची ताकद दाखविणारी विनामूल्य ॲप मोबाइलवर मिळतात. त्यांतील आकडा उणे चिन्हासह, डेसिबल-मिलिवॅट या एककात येतो. उणे तीसच्या आसपास म्हणजे राउटर हाताशी. उणे पासष्टपर्यंत चलचित्र पाठही नीट चालतो. उणे सत्तरच्या पुढे अडखळ सुरू होते. उणे ऐंशीच्या पलीकडे नाव दिसते, काम होत नाही. तिने प्रत्येक खोलीत मधोमध उभे राहून तीन-तीन वेळा आकडा पाहिला व मधला लिहिला. बैठक उणे बेचाळीस, माजघर उणे एकसष्ट, स्वयंपाकघर उणे चौऱ्याहत्तर, मागची खोली उणे शहाऐंशी.

हे आकडे सरळ वजाबाकीचे नव्हेत. तीन डेसिबल उतरले की शक्ती निम्मी होते आणि दहा उतरले की दहावा हिस्सा उरतो. बैठक व मागची खोली यांतील फरक चव्वेचाळीसचा. म्हणजे मागे पोहोचणारा सिग्नल बैठकीतल्याच्या सुमारे पंचवीस हजारांश. मुलीने हे गणित दोनदा केले. मग वडिलांकडे पाहिले, पण काही बोलली नाही.

शक्ती कशात गेली? अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेतही ती चौथाई होते, तेवढे तर जाणारच. उरलेले भिंतींनी खाल्ले. साधी विटांची भिंत थोडे खाते. दोन फुटी मातीची भिंत आणि सळयांचे काँक्रीट त्याहून कितीतरी अधिक. पत्रा, लोखंडी कपाट, फ्रिज, आरशामागील धातूचा लेप हे तर लहर परतवूनच लावतात. पाणीही लहर शोषते, त्यामुळे भरलेली टाकी आडवी येऊ नये; आणि मातीची भिंत पावसाळ्यात ओली झाली की अधिक अडविते. आणखी एक भूमितीची गोष्ट: भिंत तिरपी ओलांडावी लागली तर तिची जाडी वाढल्यासारखी होते. पंचेचाळीस अंशांत दोन फुटांची भिंत जवळजवळ पावणेतीन फुटांची ठरते. राउटर कोपऱ्यात ठेवला की बहुतेक भिंती अशाच तिरप्या येतात.

आम्ही हे फळ्यावर शिकविल्यासारखे समजावून सांगत होतो. मुलीची आजी सुपात डाळ निवडत बसलेली होती. ती मान वर न करता म्हणाली, "आमच्या वक्ताले कंदील मंधात टांगत होतो जी गुरुजी, माजघराच्या दारात. दोन्हीकडे उजेड पडे. कोपऱ्यात कोण टांगते?" आमचा पाऊण तासाचा पाठ तिने एका वाक्यात आटोपला.

पहिला उपाय तोच, आणि त्याला फारसा खर्च नाही. राउटर घराच्या मध्याकडे, पुरुषभर उंचीवर, उघड्यावर, लोखंडापासून दूर असावा. दांड्यांसारखे अँटेना असतील तर ते उभे ठेवावेत. उभ्या दांडीतून लहर आडवी चहूकडे पसरते, टोकाच्या दिशेने फार थोडी जाते. घर दुमजली असेल तर एखादी दांडी आडवी करून पाहावी. २.४ च्या पट्ट्यात एक, सहा व अकरा हे मार्ग एकमेकांवर चढत नाहीत. शेजारी ज्यावर आहेत तो सोडून दुसरा घ्यावा. दाट वस्तीत एवढ्यानेही फरक पडतो.

परंतु विनाखर्च उपायालाही घरात अडथळा असतो. वडिलांचे म्हणणे, टीव्ही बैठकीत, त्यालाही नेट लागते, आणि आजोबांच्या भिंतीला भोक कशाला पाडावयाचे? त्यांचे म्हणणे अगदी निराधार नव्हते. आम्ही त्यास वहीतील आकडे दाखविले. माजघरातून बैठक एकाच भिंतीपलीकडे राहते, टीव्हीचे काही बिघडत नाही. बैठकीतून मागची खोली मात्र तीन भिंतींपलीकडे. तो बराच वेळ वही पाहत राहिला. दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञास बोलावून फायबरची जोडतार आत वाढविली. ही तार काचेची असते; तिला काटकोनात दुमडू नये, आणि घरच्या घरी कापून जोडण्याच्या भानगडीत तर मुळीच पडू नये. भोकही पाडावे लागले नाही. दाराच्या चौकटीवरील फटीतून तार गेली.

माजघरात राउटर टांगल्यावर मागच्या खोलीतील आकडा उणे चौऱ्याहत्तर झाला. बारा डेसिबल, म्हणजे जवळजवळ सोळा पट सुधारणा. तरीही अडखळ पूर्ण गेली नाही. येथे लोक रिपीटर आणतात आणि फसतात. आम्हीही फसलो होतो. आमच्या घरी रिपीटर आणून जेथे रेंज नाही त्याच खोलीत लावला. ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही, तो दुसऱ्यास काय सांगणार? रिपीटर निम्म्या वाटेवर, जेथे सिग्नल अजून धड आहे अशा जागी हवा. शिवाय साधा रिपीटर एकाच पट्ट्यावर ऐकतो व बोलतो, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. मेश नावाचे दोन-तीन डब्यांचे संच याहून बरे, पण महाग. आणि दोन फुटी भिंत त्यांच्या आपसांतील बोलण्यातही आडवी येतेच.

खरा टिकाऊ उपाय तारेचा. राउटरपासून मागच्या खोलीपर्यंत लॅन केबल न्यावी आणि तिच्या टोकास दुसरा छोटा राउटर केवळ प्रसारक म्हणून जोडावा. ही केबल शंभर मीटरपर्यंत चालते, म्हणजे आपल्या कोणत्याही घराला पुरून उरेल. अडगळीतील जुना राउटरही या कामी येतो. त्याचा पत्ता मुख्य राउटरहून वेगळा करावा, त्यातील डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना क्रमांक वाटण्याचे काम, बंद करावे, आणि केबल त्याच्या लॅनच्या भोकात लावावी. दोन्हीकडे क्रमांकवाटप चालू राहिले तर एका वर्गात दोन वर्गशिक्षक असल्यासारखा गोंधळ होतो. नाव व पासवर्ड दोन्हींचे सारखे ठेवले की मोबाइल आपोआप जवळचा धरतो. क्वचित लांबच्याला चिकटून राहतो, तेव्हा वाय-फाय एकदा बंद करून चालू करावे. त्या घरी नातलगाकडे पडून असलेला जुना राउटर मिळाला. नवी खरेदी फक्त केबलची. मागच्या खोलीत आकडा उणे अडतीसवर आला.

बाहेरून केबल नेणाऱ्यांना दोन सूचना. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना वानरांविषयी सांगावयास नको; पत्र्यावरून ओढलेली तार ती झोक्यासाठीच आहे असे ती समजतात. तार नळीतून न्यावी. आणि तांब्याची केबल एका घरातून दुसऱ्या घरात उघड्यावरून नेऊ नये. विजेच्या कडकडाटात दोन्हीकडची उपकरणे जातात, माणसासही धोका असतो. संत्र्याच्या बागेतील घरापर्यंत नेट न्यावयाचे असेल, तर समोरासमोर दिसणाऱ्या दिशादर्शी अँटेनांची जोडी लागते आणि ती झाडांच्या शेंड्यांहून उंच हवी. पानांतील पाणी लहर शोषते, पाऊस पडून गेल्यावर तर अधिकच. लाईन गेल्यावर राउटर बंद पडतो, त्यासाठी बारा व्होल्टचा छोटा बॅटरीसंच मिळतो. घेताना राउटरवर लिहिलेले व्होल्ट व अँपिअर जुळवून घ्यावेत.

पालक नेहमी विचारतात, या लहरींनी मुलांना अपाय होतो काय? राउटरची प्रसारणशक्ती वॉटच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते आणि या लहरी क्ष-किरणांप्रमाणे पेशींतील अणूंची मोडतोड करणाऱ्या नव्हेत. आमची चिंता निराळी आहे, मुले त्यावर काय पाहतात ही. ती चिंता राउटर कोपऱ्यात कोंडून मिटत नाही.

येथे वसतिगृहाविषयी थोडे. लांब व्हरांडा, दोन्ही बाजूंस खोल्या, आणि कार्यालयात एक राउटर, ही बहुतेक वसतिगृहांची रचना. तेथे भिंतींइतकाच प्रश्न संख्येचा असतो. वाय-फायवर एका मार्गावर एका वेळी एकच उपकरण बोलते, बाकीची थांबतात; चाळीस मोबाइल एका राउटरवर आले तर सिग्नल भरपूर दिसूनही पान उघडत नाही. शक्तिशाली एकच यंत्र बसविण्यापेक्षा मजल्यागणिक तारेने जोडलेली लहान यंत्रे कमी शक्तीवर चालविणे श्रेयस्कर. माजी विद्यार्थी वसतिगृहास काही भेट द्यावयाचे म्हणतात, त्यांनी संगणकाआधी केबलचा विचार करावा, ही आमची विनंती. वेळेच्या बंधनाबाबत मतभेद आहेत. केरळमध्ये कोझिकोडजवळच्या एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीने वसतिगृहातील मोबाइलबंदीविरुद्ध दाद मागितली, तेव्हा तेथील उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये इंटरनेटची उपलब्धता ही शिक्षणाच्या व खासगीपणाच्या अधिकाराचा भाग असल्याचे म्हटले. ती पदवीची विद्यार्थिनी होती. शाळकरी मुलांना रात्री मोबाइल असू नये, असे आमचे मत कायम आहे. परंतु वाचनालयात नेट हवेच. बाबासाहेबांच्या लेखन व भाषणांचे खंड, जे मिळविण्यासाठी आम्हांस विद्यार्थिदशेत अमरावतीला खेटे घालावे लागत, ते आज संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. मुलीसाठी वाचनालय आणि मुलासाठी बाहेरचा चौक अशी वाटणी मात्र नको, आणि उलटही नको.

त्या घरचा अर्ज वेळेत भरला गेला. दहा पसंतिक्रम मुलीने मागच्या खोलीत बसून, आजीला एकेका महाविद्यालयाचे नाव वाचून दाखवीत भरले. वही आम्ही तिच्याकडेच ठेवली होती. पावसाळ्यात मातीच्या भिंती ओल्या झाल्यावर स्वयंपाकघरात पुन्हा मोजावयाचे असे ठरले होते. ऑगस्टमध्ये झडीच्या चौथ्या दिवशी तिचा संदेश आला: "जयभीम सर. स्वयंपाकघर पहिले उणे ६३, आता उणे ६८. मागच्या खोलीत काहीच फरक नाही."